पटावर नाव आहे, पण वर्गात जागा आहे का?

तुमचा प्रश्न मला असा समजला. मुलगी आठ वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही अशी अवस्था), ती व्हीलचेअर वापरते. तिचं बोलणं घरच्यांना कळतं, बाहेरच्यांना कळत नाही. शाळेनं फारशी खळखळ न करता प्रवेश दिला, पण सहा महिन्यांच्या आत 'रोज नको, आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन तास आणा' असं ठरवलं. कारणं चार सांगितली: स्वच्छतागृहात नेणारं कुणी नाही, तिचं लिहून होत नाही, ती काय म्हणते ते बाईंना कळत नाही आणि तिच्यामुळे बाकीच्या मुलांचं नुकसान होतं. बाई मनानं चांगल्या आहेत असंही तुम्ही आवर्जून लिहिलंय. आणि शेवटी विचारलंय, की शाळा हिच्यासाठी नाहीच का, विशेष शाळेत घालावं का, आणि हे आमच्याच वाट्याला आलंय की इतर प्रकारचं अपंगत्व असलेल्या मुलांचंही असंच होतं?

विशेष शिक्षिका म्हणून माझं बहुतेक काम सर्वसाधारण शाळांमध्येच गेलं आहे, त्या अनुभवावरून सांगते. तुमच्या मुलीला शाळा झेपत नाही असं यातल्या एकाही कारणावरून सिद्ध होत नाही. चारही कारणं शाळेच्या दिवसाच्या आखणीची आहेत आणि चारही कारणांवर माहीत असलेले, वापरून पाहिलेले उपाय आहेत. उलट मला खरी काळजी वाटते ती त्या सहा तासांची. आठवड्याला सहा तासांत कुठलंच मूल वर्गाबरोबर राहू शकत नाही. गणिताचा धडा सोमवारी सुरू होऊन गुरुवारी संपतो आणि ती त्यातला मधला तुकडा तेवढा ऐकते. वर्षअखेरीस ती मागे पडलेली असेल, आणि मग तेच मागे पडणं तिला झेपत नाही याचा पुरावा म्हणून तुमच्यासमोर ठेवलं जाईल. असं होताना मी फार वेळा पाहिलं आहे. शाळा एका दिवसात सुटत नाही, ती अशी तासातासानं सुटत जाते.

जगभरातलं चित्रही याहून वेगळं नाही. युनिसेफच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे २४ कोटी मुलं अपंगत्व असलेली आहेत, म्हणजे साधारण दर दहांत एक. कधीच शाळेत न गेलेलं असण्याची शक्यता या मुलांमध्ये इतर मुलांपेक्षा ४९ टक्क्यांनी जास्त आहे. पण मला त्याच अहवालातला दुसरा आकडा जास्त अस्वस्थ करतो: वाचन आणि अंकगणिताची पायाभूत कौशल्यं येत असण्याची शक्यता ४२ टक्क्यांनी कमी. या दुसऱ्या आकड्यात शाळेत जाणारी मुलंही आहेत. दार उघडलं, पटावर नाव लागलं, तरी आतला दिवस त्यांच्यासाठी आखलेलाच नव्हता.

आता तुमच्या शाळेनं सांगितलेली कारणं घेते. पहिलं कारण सगळ्यांत मोठं आहे, म्हणून त्यावर जास्त लिहिते.

स्वच्छतागृहाचा प्रश्न बोलायला सगळ्यांना अवघड वाटतो आणि म्हणूनच तो तसाच राहतो. रॅम्प दिसतो, त्यामुळे तो आधी होतो. स्वच्छतागृहात लागणारी मदत दिसत नाही, म्हणून तिची जबाबदारी कुणाच्याच नावावर नसते. व्यवहारात मग दोन गोष्टी घडतात. एकतर आईला मधल्या सुट्टीत रोज बोलावलं जातं, तिची नोकरी सुटते किंवा कधी लागतच नाही. नाहीतर मूल स्वतःच उपाय शोधतं: सकाळपासून पाणी पीत नाही. तुमच्या मुलीनं शाळेच्या दिवशी पाणी कमी केलंय का, ते एकदा बघा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना बद्धकोष्ठतेचा त्रास मुळातच जास्त असतो. पाणी कमी झालं की तो वाढतो, मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो, डोकं दुखतं. बाई मग सांगतात, 'दुपारनंतर तिचं लक्ष लागत नाही.' ते निरीक्षण खरं असतं, निष्कर्ष मात्र चुकतो. तहानलेल्या आणि तासन् तास लघवी रोखून बसलेल्या मुलाचं लक्ष लागणारच नाही.

इथे बांधकामाचा भाग छोटा आहे. दाराची मोकळी रुंदी निदान ८० सेंटिमीटर हवी, आत व्हीलचेअर वळायला १५० सेंटिमीटर व्यासाची जागा हवी, दार बाहेर उघडणारं हवं, बाजूला पक्का आधारदांडा हवा. बाहेर रॅम्प असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण पाळलं पाहिजे. याहून उभा रॅम्प मुलाला स्वतःहून चढता येत नाही आणि उतरताना तो धोक्याचा असतो. जुन्या इमारतीत हे सगळं एकदम होणार नाही, पण तळमजल्यावरचं एक स्वच्छतागृह नीट करणं बहुतेक शाळांना शक्य असतं.

अवघड भाग माणसांचा आहे. शाळेकडे दोन व्यक्तींची नावं मागा, एक नेहमीची आणि एक तिच्या गैरहजेरीत येणारी. दोघी स्त्रियाच असाव्यात. फिजिओथेरपिस्टकडून त्यांना तासाभरात शिकवता येतं की मुलीला खुर्चीतून कसं उचलायचं, कुठे धरायचं, स्वतःची पाठ कशी जपायची. नेण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, म्हणजे तिला प्रत्येक वेळी वर्गासमोर मागावं लागणार नाही. आणि मुलीला घरी हे शिकवा, की अशी मदत कोण करणार हे तिला आधी माहीत असेल, दुसऱ्या कुणी केली तर ती नाही म्हणू शकते आणि घरी येऊन सांगू शकते. हा भाग मी मुद्दाम लिहितेय. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार अपंगत्व असलेल्या मुलांना हिंसेला सामोरं जावं लागण्याची शक्यता इतर मुलांच्या दुपटीहून अधिक आहे. जिचं बोलणं इतरांना कळत नाही तिला 'नाही' सांगायची खात्रीची खूण असणं फार गरजेचं आहे. शिवाय अजून तीन-चार वर्षांत पाळी येईल. चांगल्या चाललेल्या कितीतरी मुलींची शाळा नेमकी तेव्हा थांबलेली मी पाहिली आहे, कारण तोवर ही व्यवस्था कुणी उभीच केलेली नव्हती.

शाळेनं न सांगितलेलं एक कारण माझ्या मते तपासायला हवं: ती वर्गात बसते कशी? सेरेब्रल पाल्सीबद्दलच्या अनेक अभ्यासांचा एक व्यापक आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं की या मुलांपैकी साधारण चारांत तिघांना वेदना असतात. सतत ओढले गेलेले स्नायू, सांध्यावर येणारा ताण, चुकीची बैठक ही त्याची नेहमीची कारणं. मूल बोलू शकत नसेल तर वेदना 'चिडचिड' किंवा 'हट्ट' म्हणून नोंदली जाते. बाहेर फिरायला घेतलेली व्हीलचेअर लिहायला-वाचायला योग्य असेलच असं नाही. कंबर, गुडघे आणि घोटे साधारण काटकोनात, पाऊल लोंबतं न ठेवता पूर्ण टेकलेलं, टेबल कोपराच्या उंचीला, आणि ते पोटाजवळ घेता यावं म्हणून पुढून अर्धगोल कापलेलं, एवढं जरी केलं तरी हाताचा ताबा सुधारतो, मान स्थिर राहते, बोलणंही थोडं स्पष्ट होतं. धड स्थिर असेल तरच हात मोकळे होतात. ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून बैठक, साधनं आणि सराव ठरवून देणाऱ्या तज्ज्ञाला, एकदा वर्गात घेऊन जा. दवाखान्यातल्या खुर्चीवरून वर्गातल्या बैठकीचा अंदाज येत नाही.

त्याच आढाव्यातली आणखी एक गोष्ट तुमच्या बाईंना जरूर सांगा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना बौद्धिक अक्षमता असते, म्हणजे निम्म्यांना नसते. चारांत एकाला बोलता येत नाही. बोलता न येणं आणि न समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण वर्गातल्या घाईत त्या एक होतात आणि मुलाला दोन इयत्ता खालचं चित्र रंगवायला दिलं जातं.

बोलण्याच्या अडचणीवर उपाय उद्यापासून सुरू करता येतो. आधी 'हो' आणि 'नाही' यांच्या दोन पक्क्या खुणा ठरवा, नजर वर आणि नजर बाजूला, किंवा तिला जमेल त्या. त्या वर्गातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात, मुलांनासुद्धा. मग संवाद-फलक: चित्रं, शब्द, आणि लवकरात लवकर मूळाक्षरं. अक्षरं फार महत्त्वाची आहेत, कारण चित्रांतून ती फक्त आपण दिलेल्याच गोष्टी सांगू शकते. बोटानं दाखवता येत नसेल तर नजरेनं दाखवता येतं. पुढे टॅबलेटवर बोलणारं ॲप येईल तेव्हा येईल, पण कागदाच्या फलकासाठी थांबायचं काही कारण नाही. पालकांना नेहमी भीती वाटते की फलक दिला तर मूल बोलायचं सोडून देईल. यावरचं संशोधन उलट सांगतं: अशा साधनांनी बोलणं खुंटत नाही, काही मुलांचं तर थोडं वाढतं. बाईंकडून मात्र एक गोष्ट मागून घ्या. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजून थांबायचं. तिच्या शरीराला उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतो, आणि बहुतेक मोठी माणसं दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला पुढच्या मुलाकडे वळलेली असतात.

लिहिण्याबद्दल थोडक्यात. वर्गात लिहायला लावतो ते तीन वेगळ्या कारणांसाठी: अक्षर वळवणं, फळ्यावरचं उतरवून घेणं आणि आपल्याला काय येतं ते दाखवणं. पहिल्यासाठी हाताचा सराव हवा, तो ठरावीक वेळ होऊ द्या. दुसऱ्यासाठी फळ्याचा फोटो किंवा शेजारच्या मुलीच्या वहीची प्रत पुरते. उतरवून घेण्यात तिची सगळी शक्ती गेली तर धड्यासाठी काही उरत नाही. तिसऱ्यासाठी तोंडी उत्तर, पर्यायातून निवड, कीबोर्ड किंवा लेखनिक. दहा उदाहरणांऐवजी तीन दिली आणि तिनं ती बरोबर सोडवली, तर रीत कळली हे दिसतं. परीक्षेतला जादा वेळ आणि लेखनिक या सवलती ऐन परीक्षेच्या आठवड्यात उपयोगी पडत नाहीत. लेखनिकाला सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे आणि त्याची सवय वर्षभर वर्गात व्हावी लागते.

चौथं कारण, बाकीच्या मुलांचं नुकसान. यावर बरेच अभ्यास झाले आहेत आणि अपंगत्व असलेली मुलं वर्गात असल्यानं इतरांची शैक्षणिक प्रगती घसरते असं त्यांतून एकूणात दिसत नाही. काही ठिकाणी किंचित फायदाच दिसतो. माझं स्वतःचं निरीक्षण असं, की एका मुलासाठी शिक्षक जे बदल करतात, म्हणजे सूचना तोंडी आणि लेखी दोन्ही देणं, प्रश्नानंतर थांबणं, उत्तर द्यायच्या एकाहून जास्त पद्धती ठेवणं, त्यांचा उपयोग वर्गातल्या बुजऱ्या आणि संथ मुलांना लगेच होतो. बाईंची काळजी मात्र मी उडवून लावणार नाही. पटसंख्या मोठी, हाताशी कुणी नाही, प्रशिक्षणात यातलं काही शिकवलेलं नाही, अशा वर्गात त्या खरोखर थकत असतील. मदतीची मागणी तुम्ही आणि बाई मिळून मुख्याध्यापकांकडे करा. तुमच्या बाजूनं बोलू शकणारी शाळेतली सगळ्यांत महत्त्वाची व्यक्ती बाईच आहेत.

इथे सहसा एक तोडगा पुढे येतो: मुलीसाठी स्वतंत्र मदतनीस ठेवा, मग रोज आणा. आईवडील आनंदानं होकार देतात. मदतनीस लागेलच, पण यात एक धोका आहे आणि तो आधीच माहीत असलेला बरा. अमेरिकेतल्या व्हर्माँट विद्यापीठातले मायकेल जियानग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये वर्गांचं निरीक्षण करून दाखवलं, की मदतनीस मुलाला सतत चिकटून बसला तर शिक्षक त्या मुलाला शिकवणं सोडून देतात, इतर मुलं जवळ येईनाशी होतात आणि मूल स्वतः काही करायचं थांबतं. पुढे लंडनमधल्या पीटर ब्लॅचफर्ड यांच्या गटानं इंग्लंड आणि वेल्समधल्या शाळांचा मोठा अभ्यास केला. त्यात ज्या मुलांना मदतनिसांचा आधार जास्त होता, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झालेली आढळली. यात मदतनिसांचा दोष नाही. वर्गातल्या ज्या मुलाला सगळ्यांत कुशल शिकवणीची गरज, त्याला शिकवण्याचं सगळ्यांत कमी प्रशिक्षण मिळालेल्या माणसाच्या हवाली केलं जातं, हे त्यामागचं कारण आहे.

माझा आग्रह म्हणून असा असतो: मदतनीस वर्गाची असावी, एका मुलीची नव्हे. स्वच्छतागृह, खाणं, बैठक बदलणं यासाठी ती तुमच्या मुलीजवळ येईल. बाकीच्या वेळी ती दुसऱ्या मुलांच्या वह्या तपासेल, गट सांभाळेल, म्हणजे बाईंना तुमच्या मुलीशेजारी दहा मिनिटं बसता येईल. इटलीनं १९७७ च्या कायद्यानं स्वतंत्र विशेष वर्ग बंद केले, तेव्हा तिथे साहाय्यक शिक्षकाची नेमणूक याच विचारानं झाली. तो संपूर्ण वर्गाचा शिक्षक असतो, मुख्य शिक्षकाइतकाच जबाबदार. तिथेही सगळं सुरळीत चालतं असं नाही, पण मांडणी योग्य आहे. आणि मधल्या सुट्टीत मदतनिसानं चार पावलं लांब थांबावं. मोठं माणूस डोक्यावर उभं असताना कुणाशी मैत्री होत नाही.

इतर मुलांचं कसं असतं, असं तुम्ही विचारलंत. अडथळे वेगळे दिसतात, पण त्यांची जात एकच.

कमी ऐकू येणाऱ्या मुलाला श्रवणयंत्र दिलं की काम झालं असं शाळेला वाटतं. यंत्र बाईंच्या आवाजाबरोबर पंखा, बाक ओढल्याचा आवाज आणि शेजारच्या वर्गाचा गलकाही मोठा करतं. अमेरिकेतल्या मानकात नेहमीच्या आकाराच्या रिकाम्या वर्गातला आवाज ३५ डेसिबलच्या आत आणि आवाज घुमण्याचा काळ ०.६ सेकंदांच्या आत असावा असं धरलंय. सिमेंटच्या उघड्या भिंतींचे बहुतेक वर्ग याच्या जवळपासही नसतात. मग मूल न कळताही मान डोलावतं, आणि मान डोलावणारं मूल कुणाच्या नजरेत भरत नाही. बाईंनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, त्याला पुढे आणि खिडकीपासून लांब बसवावं, या फुकटच्या गोष्टीसुद्धा कुणी सांगितल्याशिवाय होत नाहीत.

दृष्टिहीन मुलाचा अडथळा म्हणजे वेळेवर न येणारं पुस्तक. लुई ब्रेल यांनी आपली सहा टिंबांची पद्धत १८२९ मध्ये प्रसिद्ध केली, पण ब्रेलमधलं पाठ्यपुस्तक आजही अनेक मुलांच्या हातात अर्धं वर्ष गेल्यावर पडतं. सुलभ स्वरूपातली पुस्तकं देशोदेशी पाठवण्यात कॉपीराइटची अडचण येई, ती दूर करायला २०१३ मध्ये मराकेश करार झाला आणि २०१६ मध्ये तो लागू झाला. त्याचा फायदा घ्यायचा तर शाळेनं पुस्तकांची यादी वर्ष सुरू होण्याच्या कितीतरी आधी द्यावी लागते. शाळा नेमकी तिथेच उशीर करतात.

अपस्मार (फिट येण्याचा आजार) असलेल्या मुलाला प्रत्येक झटक्यानंतर घरी पाठवलं जातं. बहुतेक झटके काही मिनिटांत आपोआप थांबतात. मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांहून जास्त चालला तर तातडीनं वैद्यकीय मदत बोलवायची, एवढं शाळेतल्या प्रत्येकाला शिकवता येतं. तरी नुसत्या भीतीपोटी मुलं महिनेच्या महिने घरी असतात. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यात विशिष्ट अडचण, असलेलं मूल आळशी ठरतं. स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल अचानक बदललेल्या वेळापत्रकानं आणि घंटेच्या आवाजानं कोलमडतं, आणि नोंद 'वर्तणूक समस्या' अशी होते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना प्रवेश मिळतो, वरच्या वर्गात ढकललंही जातं, पण त्यांच्याकडून कुणी काही अपेक्षाच करत नाही. त्यांच्या वह्या कोऱ्या असतात आणि शेरा मात्र 'छान'. हा अडथळा मला सगळ्यांत जड वाटतो, कारण तो मायेपोटी उभा राहतो. 'तिला कशाला त्रास द्यायचा' म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? तुमच्या बाई चांगल्या आहेत असं तुम्ही लिहिलंत तेव्हा मला पहिली शंका हीच आली. तिला गृहपाठ मिळतो का? चुकलं तर चूक दाखवली जाते का? नसेल, तर ते मागा.

आता विशेष शाळेचा प्रश्न. विशेष शाळांना मी सरसकट नाकारत नाही. विशेषतः कर्णबधिर मुलांच्या बाबतीत नाही, कारण त्यांचा प्रश्न भाषेचा आहे. १८८० मध्ये मिलानला भरलेल्या, कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं शाळांमधून सांकेतिक भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. २०१० मध्ये व्हँकुव्हरला भरलेल्या त्याच परिषदेत त्याबद्दल खेद व्यक्त झाला, तोवर अनेक पिढ्यांचं बालपण भाषेशिवाय गेलं होतं. सांकेतिक भाषा बोलणारं कुणीच नसलेल्या वर्गात एकटं कर्णबधिर मूल बसवणं म्हणजे त्याला सामावून घेणं नव्हे. तिथे त्या भाषेत शिकवणारी शाळा मला योग्य वाटते.

तुमच्या मुलीच्या बाबतीत मी वेगळं सांगेन. तुम्ही सांगितलेल्या चार अडचणींपैकी एकीलाही वेगळी शाळा हे उत्तर नाही. बैठक, फलक, मदतनीस, वेळ हे सगळं तिला विशेष शाळेतही लागेल. तुमच्या जवळपास अशी शाळा असेल जिथे हे आज मिळतं आणि जिथे इयत्तेप्रमाणे वाचन-गणित गांभीर्यानं शिकवतात, तर जरूर पाहून या. तिथल्या तिच्याच वयाच्या मुलांच्या वह्या बघायला मागा. वही दाखवायला नकार मिळाला किंवा वहीत वर्षभर फक्त रंगकाम दिसलं, तर इमारत कितीही चांगली असो, तिथे नेऊ नका. दोन-तीन वर्षांसाठी विशेष शाळेत जाऊन परत येऊ, असा विचार असेल तर परत येण्याची वाट कागदावर आहे का ते विचारा. नुसत्या बोलण्यावर परत आलेली मुलं मी फार थोडी पाहिली आहेत.

कायद्याचं बळ तुमच्या बाजूला आहे. अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा. त्याच्या २४ व्या कलमात समावेशक शिक्षणाचा हक्क आहे, आणि दुसऱ्या कलमानुसार वाजवी सोय, म्हणजे त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे करता येण्याजोगा बदल, नाकारणं हाच भेदभाव ठरतो. २०१६ मध्ये त्या कराराच्या समितीनं आणखी स्पष्ट केलं, की मुलाला आहे त्याच व्यवस्थेत नुसतं आणून बसवणं म्हणजे समावेशन नव्हे. व्यवस्थेनं बदलायला हवं. जगातल्या बहुसंख्य देशांनी हा करार मान्य केलेला आहे. तुमच्या देशाच्या कायद्यात हे कुठल्या शब्दांत आलंय ते काढून ठेवा. पहिल्याच बैठकीत ते टेबलावर आपटू नका, पण जवळ असू द्या.

बैठक मागताना लेखी मागा. मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, शक्य झालं तर एक थेरपिस्ट, आणि तुम्ही दोघं. विषय एकच ठेवा: पूर्णवेळ शाळा कुठल्या तारखेपासून. अर्धवेळ हा उपाय म्हणून कधीकधी चालतो, आजारपणानंतर किंवा अगदी सुरुवातीला, पण त्याला शेवटची तारीख हवी. एकदम सगळे दिवस द्यायला शाळा तयार नसेल तर आधी सलग पाच दिवस, रोज तीन तास असं सुचवा. तीन दिवस पूर्णवेळापेक्षा मला हे बरं वाटतं, कारण त्यात भाषा आणि गणित रोज मिळतं. दोन आठवड्यांनी चार तास, मग पूर्ण दिवस. प्रत्येक गोष्टीसमोर करणाऱ्याचं नाव आणि तारीख. शाळेनं एखादी गोष्ट नाकारली तर कारणासह लेखी द्यायला सांगा. बरेचदा लिहायची वेळ आली की नकार मागे घेतला जातो, आणि नाही घेतला तर वरच्या अधिकाऱ्याकडे जाताना तो कागद लागतो.

दर तीन महिन्यांनी पुन्हा भेटायचं आणि तेव्हा दोनच गोष्टी बघायच्या: किती तास वर्गात होती आणि काय नवीन शिकली. 'रमते आहे का' हा प्रश्नही विचारा, पण त्यावर बैठक संपवू नका.

आणि बैठकीला मुलीला न्या, फलक घेऊन. आठ वर्षांची आहे, बसू शकेल. तिला आधी घरी विचारून ठेवा की शाळेच्या दिवसातली कुठली वेळ सगळ्यांत अवघड जाते. कदाचित ती या चार कारणांपैकी एकही सांगणार नाही. ती म्हणेल, खेळाच्या तासाला मला वर्गात एकटीला ठेवतात. जे सांगेल ते आराखड्यात पहिल्या क्रमांकावर लिहायला लावा आणि त्यापुढे पहिली तारीख घाला.